न दुखणारी जखम

उंबऱ्याला ठेच लागून अंगठ्याचे नख उखडले, तर निरोगी माणसाची जखम आठ-दहा दिवसांत खपली धरते आणि महिन्याभरात ती नेमकी कुठे होती हेही आठवत नाही. मधुमेह असलेल्या माणसाची तीच जखम दिवाळीत झालेली असेल, तर संक्रांतीलाही ओली असू शकते. माढा, कुर्डुवाडी, टेंभुर्णी, मोडनिंब या पट्ट्यातील बाजारपेठांत हे दृश्य आता अनोळखी राहिलेले नाही. गादीवर बसलेल्या शेठजींच्या एका पायाला पट्टी असते, पायाजवळ एकच चप्पल असते, आणि विचारणाऱ्याला ठरलेले उत्तर मिळते : "काही विशेष नाही, शुगरमुळे जरा वेळ लागतोय." या उत्तरातील ‘जरा वेळ’ हे दोन शब्द फार फसवे आहेत. याच अवधीत पुष्कळांचा पाय हातचा जातो.

शुगरमुळे वेळ लागतो म्हणजे नेमके काय होते? रक्त गोड झाले की त्यावर जंतू पोसतात आणि म्हणून जखम चिघळते, असा सर्वसाधारण समज आहे. तो अगदीच खोटा नाही. परंतु घडणाऱ्या गोष्टींपैकी तो एक लहानसा भाग आहे. मूळ बिघाड जखम होण्यापूर्वी कित्येक वर्षे सुरू झालेला असतो. जखम हा केवळ त्याचा दाखला होय.

जखम भरून येण्याचे काम शरीर एका ठरलेल्या क्रमाने करते. एखाद्या दुकानाला आग लागावी, तसे हे आहे. प्रथम आग विझवावी लागते, म्हणजे रक्त गोठून स्राव थांबतो. नंतर जळका माल आणि राडारोडा उपसावा लागतो. हे काम रक्तातील पांढऱ्या पेशी करतात. त्या वेळी जखमेभोवती लाली, सूज आणि उष्णता येते, तिला दाह म्हणतात. जागा स्वच्छ झाली की नव्या सूक्ष्म रक्तवाहिन्या फुटतात, कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे तंतू विणले जातात आणि कडांकडून कातडी सरकत येऊन जखम झाकते. शेवटचे रंगकाम आणि मजबुतीकरण मात्र कित्येक महिने चालू राहते.

मधुमेहात हा क्रम दुसऱ्या पायरीवरच अडखळतो. रक्तातील साखर फार वाढलेली असली की पांढऱ्या पेशी जखमेच्या जागी पोहोचण्यास उशीर करतात आणि पोहोचल्यावरही जंतू गिळण्याचे काम नीट करीत नाहीत. त्याहून विचित्र गोष्ट पुढे घडते. राडारोडा उपसणाऱ्या पेशींनी काम संपवून गवंड्यांना जागा मोकळी करून द्यावयाची असते. पण मधुमेहीच्या जखमेत त्या हलतच नाहीत. दाह थांबत नाही. जुने तंतू विरघळवणारी पाचक द्रव्ये स्रवत राहतात आणि नव्याने विणलेले तंतूही खाऊन टाकतात. दिवसा भिंत बांधावी आणि रात्री ती कोणी पाडून ठेवावी, अशी ही अवस्था असते. म्हणून अशा जखमेकडे पाहिले तर ती महिनोन्महिने ‘आहे तशीच’ दिसते.

साखरेचे आणखी एक काम फार संथपणे चालते. रक्तातील जास्तीची साखर शरीरातील प्रथिनांना चिकटते. कोलॅजनला चिकटली की ते ताठर आणि ठिसूळ होते. सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटली की त्या जाड होतात. रक्तातील हिमोग्लोबिनलाही ती चिकटते, आणि यावरच ‘एचबीए१सी’ ही तपासणी आधारलेली आहे. तांबड्या पेशींचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असल्यामुळे या तपासणीत मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर कळते. व्यापाऱ्याला हा फरक लगेच उमगेल. सकाळची उपाशीपोटीची साखर ही त्या दिवसाची रोजकीर्द आहे आणि एचबीए१सी हा तिमाही ताळेबंद आहे. तपासणीच्या आदल्या दोन दिवशी गोड बंद करून रोजकीर्द सुधारता येते. ताळेबंद त्याला बधत नाही. तरीही कित्येक जण वर्षानुवर्षे केवळ रोजकीर्द पाहूनच समाधान मानतात.

हे सर्व शरीरभर घडते. मग हाताच्या जखमेपेक्षा पायाचीच जखम इतकी घातक का ठरते? याचे उत्तर मज्जातंतूंत आहे. शरीरातील सर्वांत लांब मज्जातंतू कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंत जातात, आणि दीर्घकाळच्या वाढलेल्या साखरेचा मार प्रथम याच लांब तंतूंच्या टोकांना बसतो. प्रारंभी तळव्यांना मुंग्या येतात, रात्री आग होते. काही वर्षांनी ही आग थांबते. त्रास गेला म्हणून माणूस निश्चिंत होतो. प्रत्यक्षात त्या वेळी संवेदनाच गेलेली असते. कापसावर चालल्यासारखे वाटते, पायातून चप्पल निसटून पडली तरी कळत नाही. काहींच्या बाबतीत तर मुंग्या, आग असे काहीच न होता बधिरपणा येतो. संवेदनेबरोबर घामाच्या ग्रंथी चालवणारे तंतूही निकामी होतात, त्यामुळे पाऊल कोरडे पडून टाचांना भेगा जातात. पावलातील लहान स्नायू दुबळे झाल्याने बोटे वाकडी होतात, शरीराचा भार तळव्याच्या एखाद्याच बिंदूवर पडू लागतो, तेथे भोवरी धरते आणि त्या भोवरीखाली आतल्या आत जखम तयार होते. वरून फक्त घट्टा दिसतो.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात ज्यांचे व्रण कष्टाने बरे होतात अशा रुग्णांची गणना आहे. तीत कुष्ठरोगी, विषबाधा झालेला, क्षयाने झिजलेला आणि मधुमेही यांना एकत्र बसविले आहे. कुष्ठरोगी आणि मधुमेही एका पंक्तीत का, याचा उलगडा आधुनिक काळात जिने केला ती हकीकत वाचण्यासारखी आहे. डॉ. पॉल ब्रँड हे भारतातच जन्मलेले इंग्रज शल्यचिकित्सक १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात रुजू झाले. कुष्ठरोगात हातापायांची बोटे आपोआप झडतात, रोगच मांस खातो, असे तोवर सर्वत्र मानले जाई. ब्रँड यांनी रुग्णांचे बारकाईने निरीक्षण केले आणि निराळाच निष्कर्ष काढला. रोग बोटे खात नव्हता; तो केवळ वेदना हिरावून घेत होता. वेदना नसल्यामुळे रुग्ण तापलेले भांडे उचलीत, खिळा टोचलेल्या पायाने चालत, दुखावलेल्या जागेवर पुन्हा पुन्हा भार देत, आणि बोटे त्यामुळे जात. काहींची बोटे रात्री झोपेत उंदीर कुरतडून जात आणि सकाळपर्यंत पत्ता लागत नसे. त्यावर उपाय म्हणून रुग्णांना मांजरे पाळावयास देण्यात आली!

या अनुभवातून दोन गोष्टी पुढे आल्या. एक, जखमी पाऊल नीट बसणाऱ्या प्लास्टरमध्ये घालून त्यावरील दाब सर्वत्र सारखा वाटून देणे. दुसरी, मायक्रोसेल्युलर रबराच्या मऊ तळव्याची चप्पल, जिला दवाखान्यांत ‘एमसीआर चप्पल’ म्हणतात. ब्रँड १९६० च्या दशकात अमेरिकेतील कार्व्हिल येथील कुष्ठरोग रुग्णालयात गेले आणि तेथे हेच ज्ञान मधुमेहींच्या पायांना लागू पडते हे दिसून आले. दाब हटवला तर ज्या जखमा वर्षभर हटत नव्हत्या, त्या काही आठवड्यांत भरू लागल्या. भारतात कुष्ठसेवेच्या कामातून आलेली ही चप्पल आज मधुमेहींसाठीही दिली जाते. येथे एक अडचण सांगितली पाहिजे. ही चप्पल ‘कुष्ठरोग्यांची’ म्हणून ओळखली गेल्याने अनेक घरांत ती पायात घालण्यास संकोच वाटतो. लग्नकार्यात चारचौघांत ती घालून जाणे कमीपणाचे मानले जाते. आता तोच तळवा वापरून साध्या चपलेसारखी दिसणारी पादत्राणेही बनतात, तेव्हा हा संकोच सोडण्यास हरकत नसावी.

मज्जातंतूंबरोबर दुसरा घाव रक्तवाहिन्यांवर होतो. जखम भरण्यास प्राणवायू, प्रथिने आणि औषध हे सर्व रक्तामार्फतच पोहोचते. मधुमेहात गुडघ्याखालील रोहिण्या आतून कठीण आणि अरुंद होत जातात. अशा माणसाला एरवी चालताना पोटरीत पेटके आले असते. पण संवेदना मंदावलेली असल्यामुळे ही सूचनाही मिळत नाही. धरणात पाणी आहे, पण वितरिकाच गाळाने भरली आहे, असा हा प्रकार. उजनीच्या लाभक्षेत्रातील लोकांना तो वेगळा समजावून सांगावयास नको. अशा वेळी कितीही उंची मलम लावले अथवा महाग प्रतिजैविक घेतले, तरी ते जखमेपर्यंत जातच नाही. म्हणून पावलावरील नाडी लागते की नाही हे पाहणे आणि शंका आल्यास डॉप्लर तपासणी करणे हे मलमपट्टीच्या आधीचे काम आहे. अडथळा सापडल्यास तो फुग्याने उघडता येतो, हृदयाच्या रोहिण्यांप्रमाणेच. तंबाखूने हे अरुंदीकरण झपाट्याने वाढते. विकण्यासाठी दुकानात ठेवलेली पुडी मालकाच्या तोंडात जाणे ही पेठेत अगदीच दुर्मीळ गोष्ट नाही, एवढे येथे नमूद केले म्हणजे पुरे.

‘अंगाने बारीक माणसाला मधुमेह कसा होईल’ हा आणखी एक समज. या प्रश्नावर पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे काम जगभर मान्यता पावले आहे. त्यांनी आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच छायाचित्रे शेजारी-शेजारी छापली. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, म्हणजे अगदी सारखा. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. भारतीय माणूस दिसायला सडपातळ असला, तरी आतून तसा असेलच असे नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. दिवसभर गादीवर मांडी घालून बसण्याचा व्यवसाय ज्यांचा, त्यांना या आकड्यांतून स्वतःस वगळण्याचे काहीच कारण नाही.

याज्ञिक यांच्याच चमूचे दुसरे एक संशोधन शाकाहारी कुटुंबांनी विशेष लक्षात घ्यावे असे आहे. पुणे परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व तपासले, तेव्हा त्यांपैकी ६७ टक्क्यांत ते कमी आढळले. शहरी मध्यमवर्गात तर हे प्रमाण ८१ टक्के होते. २००६ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ब-१२ कमी पडले की मज्जातंतूंना इजा होते आणि पायांना बधिरपणा येतो. मधुमेहासाठी सर्वाधिक वापरली जाणारी मेटफॉर्मिन ही गोळी वर्षानुवर्षे घेतल्यास ब-१२ आणखी घटते. म्हणजे शाकाहारी मधुमेहीच्या पायावर दोन बाजूंनी मारा होतो, आणि त्यांपैकी ही एक बाजू स्वस्तातल्या गोळीने अथवा इंजेक्शनने थोपवता येते. मेटफॉर्मिन स्वतःहून बंद करावी असा याचा अर्थ मुळीच नाही. ब-१२ तपासून घ्यावे, इतकाच आहे.

जैन कुटुंबांच्या दिनक्रमात दोन गोष्टी अशा आहेत की ज्यांचा या विषयाशी थेट संबंध येतो. पहिली म्हणजे अनवाणी चालणे. मंदिरात जाताना पादत्राणे बाहेर राहतात, हे योग्यच आहे. परंतु सोलापूर जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ अंशांपर्यंत चढतो आणि दुपारच्या वेळी फरशी तव्यासारखी तापते. ज्याचे पाऊल शाबूत आहे, तो उड्या मारीत सावली गाठतो. ज्याची संवेदना गेली आहे तो शांतपणे, भक्तिभावाने चालत जातो आणि संध्याकाळी तळव्याला फोड आलेला दिसतो. मोटारसायकलवर मागे बसले असता सायलेन्सरला पाय टेकून भाजणे आणि थंडीत गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसणे, यांतूनही अशाच जखमा होतात.

यात्रेत ही जोखीम कितीतरी वाढते. माढ्याच्या पश्चिमेला माळशिरस तालुक्यातील दहिगाव आणि बार्शीच्या पलीकडे धाराशिव जिल्ह्यातील कुंथलगिरी ही या भागातील कुटुंबांची नेहमीची क्षेत्रे. त्याहून दूर श्रवणबेळगोळच्या विंध्यगिरीवर सहाशेहून अधिक पायऱ्या थेट खडकात कोरलेल्या आहेत, पालिताण्याच्या शत्रुंजयावर साडेतीन हजारांवर पायऱ्या आहेत आणि सम्मेद शिखरजीची वंदना २७ किलोमीटरची आहे. यात्रेला जावेच, परंतु मधुमेह दहा वर्षांचा असेल, तर निघण्यापूर्वी एकदा पायाची संवेदना तपासून घ्यावी. दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा एक धागा तळव्याच्या ठरावीक जागी टेकवतात. तो कळला नाही, तर पाऊल संरक्षणाविना आहे असे समजतात. पाच मिनिटांची आणि विनावेदना अशी ही तपासणी आहे. जो या तपासणीत उणा ठरेल, त्याने पहाटे, दगड थंड असताना चढावे, जाड सुती मोजे घालावेत (कातड्याचा प्रश्न त्यात येत नाही), आणि डोलीत बसण्यात कमीपणा मानू नये. मंदिरांच्या विश्वस्तांनी प्रवेशद्वारापासून गाभाऱ्यापर्यंत काथ्याची पट्टी अंथरली, तर खर्च फारसा नाही आणि पुण्य मोठे.

दुसरी गोष्ट उपवासाची. चातुर्मासात एकासन, आयंबील, उपवास, अठ्ठाई अशी तपे घरोघरी होतात. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपण्याची रीत मधुमेहात एका परीने हिताची आहे, कारण रात्री उशिराचे जड जेवण टळते. मात्र संध्याकाळची गोळी किंवा इन्सुलिन कोणत्या वेळी व किती घ्यावयाचे, हे त्या रीतीप्रमाणे ठरवून घेतले पाहिजे. जेवण सहाला आणि ग्लिमेपिराइडसारखी गोळी सवयीने नऊला, असे झाले तर मध्यरात्री साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. पाण्याविना उपवासात शरीरातील पाणी घटते, आणि ‘ग्लिफ्लोझिन’ गटातील गोळ्या चालू असतील तर रक्तातील आम्लता वाढण्याचा धोका असतो. पच्चक्खाण घेण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घेणे म्हणजे श्रद्धेत उणेपणा नव्हे.

ज्याच्या पायाला उघडी जखम आहे, त्याने तर निराहार तप टाळणेच शहाणपणाचे. जखम भरताना शरीराला एरवीपेक्षा अधिक प्रथिने लागतात. ती मिळाली नाहीत तर नवा तंतू विणायला सूतच उरत नाही. शास्त्रात बाह्य तपाचे सहा प्रकार सांगितले आहेत, त्यांत अनशन हा एकच नाही. ऊनोदरी म्हणजे भुकेपेक्षा चार घास कमी खाणे आणि रसपरित्याग म्हणजे दूध, दही, तूप, तेल, साखर-गूळ, मीठ यांपैकी काहींचा त्याग करणे, हीदेखील तपेच आहेत. आयुष्यभरासाठी साखर-गुळाचा रसपरित्याग करणाऱ्या मधुमेहीने धर्म आणि औषध दोन्ही एकाच वेळी साधले, असे म्हणता येईल. पारण्याच्या दिवशी शिरा आणि जिलेबीचा आग्रह करणाऱ्या नातलगांनीही याचा थोडा विचार करावा.

प्रथिनांच्या संदर्भात पथ्याचा एक जुना गैरसमज नडतो. ‘वरण-भात खाल्ल्याने पू होतो’ असे सांगून जखम असलेल्या माणसाची डाळ, शेंगदाणे, उसळी बंद केल्या जातात. भात बेतानेच खावा, हे मधुमेहीसाठी खरे. परंतु ज्या घरात अंडे-मांस येतच नाही, त्या घरात डाळही काढून घेतली तर प्रथिन येणार कोठून? मूग, मटकी, हरभरा, दही, ताक, पनीर यांपैकी काही ना काही प्रत्येक जेवणात असावयास हवे.

घरगुती उपचारांबद्दल थोडे स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. हळद, कोरफड, चुना, तंबाखूची राख, गरम विटेचा शेक, मिठाच्या कढत पाण्यात पाय बुडवणे, ब्लेडने भोवरी कापणे हे सर्व प्रकार आजही चालतात. निरोगी माणसाला यांतील काहींनी अपाय होत नसेल. बधिर पायाला मात्र शेकाने भाजते आणि ब्लेडने नवी जखम होते. औषधांच्या दुकानातून स्वतःच्या मनाने प्रतिजैविके आणून तीन दिवस घेऊन सोडून देणे याहून वाईट, कारण त्यामुळे जंतू निर्ढावतात. पण सर्वांत मोठे नुकसान उपचाराने नव्हे, त्यात गेलेल्या दिवसांनी होते. लग्नसराई संपू दे, गळीत हंगाम संपू दे, मार्चअखेर होऊ दे, मग सोलापूरला दाखवू, असे म्हणत एकेक आठवडा पुढे ढकलला जातो. दुखत नाही, हे त्या चालढकलीचे प्रमुख कारण असते. बधिर पायात जंतू हाडापर्यंत पोहोचले तरी दुखत नाही.

मधुमेहामुळे ज्यांचे पाय कापावे लागतात, त्यांपैकी सुमारे ८५ टक्क्यांत प्रारंभ पायाच्या अशाच एका जखमेने झालेला असतो. म्हणजे जवळजवळ प्रत्येक वेळी मध्ये एक असा काळ असतो की ज्यात पाय वाचवता आला असता. जखमेभोवती लाली पसरू लागली, वास येऊ लागला, बोट काळेनिळे पडले, थंडी-ताप आला किंवा एरवी आटोक्यात असलेली साखर अचानक चढली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. माढ्यापासून बार्शीचे जगदाळे मामा रुग्णालय किंवा सोलापूरचे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय काही दिवसांच्या नव्हे, काही तासांच्या अंतरावर आहे. इतकी तातडी नसली तरी एक साधी कसोटी वैद्यक व्यवहारात वापरली जाते : नीट उपचार चालू असताना चार आठवड्यांत जखम निम्म्यावर आली नाही, तर तोच उपचार पुढे चालवीत न बसता रक्तपुरवठा, हाडातील जंतुसंसर्ग आणि पायावरील दाब या तीन गोष्टी पुन्हा तपासाव्यात. मेलेली कातडी शल्यचिकित्सकाने कापून काढली की घरच्यांचा जीव घाबरतो, ‘लहान जखम मोठी करून ठेवली’ असे वाटते. पण राडारोडा उचलल्याशिवाय बांधकाम सुरू होत नाही, हे येथेही लागू आहे.

अशा वेळी डॉक्टर पुष्कळदा गोळ्या थांबवून काही काळ इन्सुलिन सुरू करतात, आणि तेथे दोन अडथळे उभे राहतात. पहिला भीतीचा : इन्सुलिन लागले म्हणजे आता शेवट जवळ आला. प्रत्यक्षात जखम भरली की कित्येकांचे इन्सुलिन बंद होऊन पुन्हा गोळ्या सुरू होतात. दुसरा अहिंसेचा, आणि तो गंभीरपणे घ्यावा असाच आहे. टोरांटोत १९२१ मध्ये इन्सुलिनचा शोध लागला, जानेवारी १९२२ मध्ये ते प्रथम एका चौदा वर्षांच्या मुलाला दिले गेले, आणि त्यानंतर साठ वर्षे ते गायी-डुकरांच्या स्वादुपिंडापासूनच काढले जात होते. त्या काळातील वडीलधाऱ्यांनी ते नाकारले असेल, तर त्यामागची वेदना समजण्यासारखी आहे. १९८२ पासून मात्र सूक्ष्मजीवांकडून तयार करून घेतलेले मानवी इन्सुलिन बाजारात आले. भारतात वोक्हार्ट कंपनीने २००३ मध्ये आणि बंगळूरच्या बायोकॉनने २००४ मध्ये यीस्टच्या साहाय्याने बनविलेले इन्सुलिन आणले. आज औषधांच्या दुकानात मिळणारे इन्सुलिन सामान्यतः याच पद्धतीचे असते. जखमेवर लावण्याच्या कोलॅजनच्या पट्ट्या मात्र बहुधा प्राणिज असतात. ज्यांना त्या नको असतील, त्यांनी डॉक्टरांना आधीच सांगावे. समुद्री शेवाळापासून केलेल्या अल्जिनेटच्या पट्ट्यांसारखे पर्याय उपलब्ध आहेत. मधाची पट्टी सुचविल्यासही हेच. न सांगता उपचार अर्धवट सोडून घरी निघून येणे, हा मार्ग सर्वांत महाग पडतो.

पायाची रोजची निगा ही घरातील दुसऱ्या व्यक्तीने करावी, असे बहुतेक तज्ज्ञ सुचवतात. मधुमेहाने डोळ्यांवरही परिणाम झालेला असतो, पोट सुटलेले असले तर स्वतःचा तळवा दिसत नाही, आणि सासऱ्यांचे पाय पाहणे सुनेला किंवा आजोबांचे पाय पाहणे नातवाला जड जाऊ नये. रात्री झोपण्यापूर्वी चांगल्या उजेडात तळवा, टाच आणि बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. पाहणारे कोणी नसेल, तर जमिनीवर आरसा ठेवावा. तेल भेगांना लावावे, बेचक्यांत लावू नये, तेथे ओल राहून बुरशी धरते. नखे सरळ कापावीत. मोजे पांढरे किंवा फिकट रंगाचे असावेत, म्हणजे रक्ताचा डाग लपत नाही. अंगठ्याची चप्पल टाळावी, कारण तिचा पट्टा बेचकीत घासतो. मागे बंद असलेली बरी. नवी चप्पल संध्याकाळी घ्यावी, त्या वेळी पाय किंचित सुजलेले असतात. पायात घालण्यापूर्वी ती झटकून आत हात फिरवावा. चपलेत अडकलेला खडा किंवा पिन दिवसभर पायाखाली घेऊन हिंडलेली माणसे प्रत्येक मधुमेहतज्ज्ञाने पाहिलेली असतात.

जखम एकदा भरली म्हणजे प्रकरण मिटले असेही नाही. भरून आलेल्या कातडीला मूळच्या कातडीच्या फार तर ८० टक्के बळकटी येते, आणि बरे झालेल्यांपैकी सुमारे ४० टक्क्यांना वर्षभरातच पुन्हा जखम होते, बहुधा त्याच जागी किंवा तिच्या शेजारी. म्हणून पट्टी सुटल्यावरही एमसीआर चप्पल सुटत नाही. ती घरातही घालावी लागते. जुन्या वळणाच्या घरांत स्वयंपाकघरात आणि देवघरात चप्पल चालत नाही. तेथे घरापुरता, स्वच्छ, बाहेर कधीही न नेलेला असा एक वेगळा जोड ठेवण्याची पद्धत काही कुटुंबांनी आता सुरू केली आहे.